नवतप्यात काढलेला कूलर

२५ मे २०२४, नवतप्याचा पहिला दिवस. सकाळी पावणेसहाला आम्ही चौघांनी इतवारीतल्या एका घराच्या खिडकीतला चांगला चालू कूलर काढला. नागपूरच्या माणसाला एवढं एक वाक्य पुरे. बाहेरच्यांसाठी सांगते: सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नऊ दिवस नवतपा, आणि नवतप्यात धडधाकट कूलर उतरवणारा माणूस आमच्याकडे एक तर घर सोडून चाललेला असतो किंवा त्याचं डोकं फिरलेलं असतं. समोरचे आजोबा दात घासता घासता ओट्यावर आले. तोंडात फेस होता म्हणून त्यांनी हातानेच 'काय?' विचारलं. "शूटिंग आहे आजोबा," आमच्यातला लग्नवाला म्हणाला. ते आत गेले आणि आजींना घेऊन आले.

कूलर तीन फुटी, पत्र्याचा, काकांच्या हयातीतला. टाकी उपसायलाच वीस मिनिटं गेली. प्लग काढलाय ना, हे गार्डसाहेबांनी तीनदा जाऊन पाहिलं. कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी आम्ही दर उन्हाळ्यात वाचतो. मग दोघं गल्लीतून, दोघं खोलीतून, असं करत तो लोखंडी घोडीवरून खाली आला आणि खिडकी मोकळी झाली. चौकटीत तीन महिन्यांची धूळ, दोन मेलेल्या गांधीलमाश्या आणि केसांचं एक रबर. आणि आतल्या भिंतीवर, देवाच्या कॅलेंडरला अर्धं कापत, उन्हाचा एक लांबट तिरपा चौकोन येऊन पडला. लग्नवाल्याने हातातला पाना तसाच टाकला आणि कॅमेऱ्याकडे धावला.

पलंगावर बसून हे सगळं पाहणारी काकू म्हणाली, "बाई व, तुमचा सिनेमा होतपर्यंत मी जित्ती राहते का नाही?"

आमच्या छोट्या फिल्मची गोष्ट मार्चमधली होती आणि ती करायला लावणारा सिनेमाचा वर्ग मेमधला, म्हणून हा सगळा उपद्व्याप.

मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत लेखा शाखेत काढली. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता वेळ कसा घालवायचा याची धास्ती वाटते आहे, त्यालाच घड्याळ का देतात, हे मला अजून कळलेलं नाही. चार महिने मी त्या घड्याळाकडे पाहिलं. मग भाचीने मला न विचारता माझं नाव एका वर्गात घालून टाकलं: धरमपेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, दर रविवारी, सहा आठवडे, सिनेमा कसा करतात ते शिकायचं आणि शेवटी चौघाचौघांच्या गटाने पाच मिनिटांची फिल्म करून दाखवायची. मला वाटलं होतं की थोडं जुन्या सिनेमांबद्दल ऐकू, चहा पिऊ, घरी येऊ.

आमच्या गटात तीन जण आणि मी. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब, वय ६४, मिशी काळीभोर. नंदनवनकडचा एक पंचविशीतला मुलगा, जो लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याला आम्ही सगळे लग्नवाला म्हणायचो आणि त्याचं स्वतःचं लग्न ठरत नव्हतं, यावर तोच जास्त विनोद करायचा. आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी, कमी बोलणारी, कानाला कायम हेडफोन. शिकवणारे सर मुंबईत बरीच वर्षं सहायक संकलक म्हणून राबून गावी परतलेले. त्यांचं बोलणं संकलकासारखंच होतं, वाक्य पूर्ण व्हायच्या आत कापायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या वाटाण्याची गोष्ट सांगितली. १९१३ साली पहिला चित्रपट लोकांपुढे येण्याआधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि जवळपास महिनाभर तो उगवताना थोडा थोडा टिपत राहिले. दाण्याचं रोप होताना पडद्यावर दिसलं, तेव्हा कुठे भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. आणि घरात सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडत होत्या, कारण तेव्हा फिल्म भोकांशिवाय यायची. वर्गातल्या मुलांना वाटाणा आवडला. मी घरी जाईपर्यंत ती भोकं मोजत होते. सेकंदाला सोळा चित्रं धरली तरी तासाभराच्या सिनेमाला किती होतात, ते हिशेबनीसाने मोजायचं नाही तर कुणी?

गृहपाठ एकच: मोबाइल कुठेतरी टेकवून ठेवायचा, एक मिनिट काढायचं, मधे हात लावायचा नाही. "कॅमेरा हलवू नका. जग हलतंच आहे." लग्नवाला फुटाळ्यावर जाऊन सूर्यास्त काढून आला आणि त्यात तळं एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे गेलं. "हात आपोआप जाते सर," तो म्हणाला. खरंच जात असणार. पाच वर्षं त्याने फक्त वरमाला, नाचणाऱ्या आत्या आणि पनीरची कढई यांवरून कॅमेरा फिरवला होता. मी गॅसवर ठेवलेलं दूध काढलं. वर्गात ते लावलं तेव्हा आधी सगळे कंटाळले, मग साय थरथरायला लागली तसे पुढे सरकले, आणि दूध कडांपर्यंत आलं अन् मिनिट संपलं. सगळा वर्ग एका आवाजात "अर्रर्र" म्हणाला. आयुष्यात प्रथमच माझ्या एखाद्या कामावर चौदा माणसं एकदम ओरडली, आणि तेही ऑडिटच्या कारणाने नाही.

त्यामुळे डोक्यात हवा शिरली. पुढच्या रविवारी मी अकरा पानांची गोष्ट घेऊन गेले. त्यात सासू, सून, दोन फ्लॅशबॅक, एक अपघात, रेल्वे स्टेशन आणि शेवटी पाऊस. सरांनी तिसऱ्या पानावर विचारलं, "पाऊस कोण आणणार?" मी गप्प. "पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुमच्याकडे पाच आहेत. शिवाय अपघात कुणाच्या गाडीचा करायचा? माझी नाही मिळणार." मग म्हणाले, उलटं करा. फुकट काय काय मिळू शकतं त्याची यादी करा आणि त्या यादीतून गोष्ट काढा.

यादी करणं मला जमतं. इतवारीतली आमची जुनी रस्त्याकडची खोली. तिथे राहणारी काकू, वय ७६. मिशीवाले गार्डसाहेब. आणि तीन फुटी कूलर.

गोष्ट मला तिथल्या तिथे सुचली असं मी वर्गात सांगितलं. ते खोटं होतं. ती ४५ वर्षांपूर्वीच सुचलेली होती. त्या घरात पहिला कूलर आला तेव्हा मी आठवीत होते. होळी झाली, काका हातगाडीवर कूलर घेऊन आले, आणि ज्या खिडकीत बसून मी अभ्यासाच्या नावाखाली अख्खी गल्ली पाठ केली होती ती खिडकी बुजली. मार्चपासून पाऊस स्थिरावेपर्यंत खोलीला डोळाच नाही. त्या वर्षी पाऊस लांबला म्हणून पोळ्यालाही कूलर तसाच होता. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीची, म्हणजे इडापीडा घालवायला जाळतात त्या राक्षसी पुतळ्याची, मिरवणूक गल्लीच्या तोंडावरून जायची. मला ताप होता, बाहेर सोडलं नाही. कूलरच्या वर चार बोटांची फट होती, तिला डोळा लावून मी स्टुलावर उभी राहिले. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' हे पंख्याच्या घरघरीतून तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं आणि दिसला तो काळ्या मारबतीचा फक्त एक हात. उरलेली मारबत कूलरने खाल्ली. तेव्हापासून माझ्या मनात या यंत्राविषयी अढी आहे, मे महिन्यात मी त्याच्यासमोर ताट घेऊन बसत असले तरी.

तर फिल्म अशी: एक म्हातारी दिवसभर खिडकीत बसते. होळीनंतर मुलगा कूलर घेऊन येतो. ती म्हणते, आणखी एक दिवस राहू दे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो बसवतो. साडेचार पानं. सरांनी वाचलं, पेन खाली ठेवलं, आणि काहीच कापलं नाही.

काकू लगेच तयार झाली. तिचं माहेर ब्रह्मपुरीकडचं, म्हणजे झाडीपट्टीचं. तिकडे धान निघाल्यावर, दिवाळीनंतर, गावोगाव रात्र रात्र नाटकं चालतात; वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं मोठं ठाणं. काकूने लहानपणी बैलगाडीतून जाऊन ती पाहिली होती आणि नाटक म्हणजे काय हे तिचं पक्कं ठरलेलं होतं. पहिल्याच टेकला, "राहू दे ना रे आणखी एक दिवस" हे वाक्य तिने कपाळावर हात मारून, उभं राहून, मंडपाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. मुलगा झालेले गार्डसाहेब दचकून दोन पावलं मागे सरकले. (६४ वर्षांचा मुलगा आणि ७६ वर्षांची आई, याकडे आम्ही मिशीच्या भरवशावर डोळेझाक केली होती.)

"काकू, हळू बोल. कॅमेरा तीन फुटांवर आहे."

"हळू बोललं तं मागच्यायले कसं ऐकू येईन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा टेक झाले, काकूचा जोर वाढतच गेला. ती हजार माणसांसाठी बोलत होती आणि आम्ही चौघं होतो. शेवटी मी तिची सगळी वाक्यं काढून टाकली, एक सोडून. म्हटलं, आता काही करू नको, फक्त खिडकीबाहेर पाहत बस.

"काय पाहू?"

"जे दिसेल ते."

नाराज होऊन ती बसली. लग्नवाल्याने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. सरांनी त्याला लावलेली सवय होती ती. उजेड कमी होता त्या गालावर घरातल्या जुन्या, बंदीच्या आधीच्या मखरातला थर्माकोल धरून मी उभी राहिले. हा थर्माकोलचा प्रताप मला वर्गात येईपर्यंत माहीत नव्हता. खिडकीतलं ऊन त्यावर पडून मऊ होऊन परत येतं आणि माणसाच्या डोळ्यात एक ठिपका उजळतो. ठिपका नसला की डोळा मेलेला दिसतो. अकरा सेकंद काकू बाहेर पाहत राहिली आणि माझ्या दंडाला मुंग्या आल्या.

उजेडाचं वेळापत्रक आमच्या हातात नव्हतं. साडेपाचला उजाडतं, आठ वाजेपर्यंत चौकोन भिंतीवर असतो, त्यानंतर तो मार्चचा राहत नाही. दुसऱ्या दिवशी, २६ मेला, गार्डसाहेबांनी दुपारी मागच्या आंगणात रिकामा ट्रायपॉड नेऊन ठेवला आणि आम्हाला बोलावलं. बारा वाजून दहा मिनिटांनी त्याची सावली त्याच्याच पायांमध्ये जाऊन बसली. नागपूर २१ अंशांच्या थोडं वर, आणि मेच्या २६ तारखेच्या सुमारास सूर्य नेमका तेवढ्यावर येतो, म्हणून दुपारी सावली गायब. पण बारालाच का नाही? गार्डसाहेब रेल्वेचे, वेळेचा विषय निघाला की त्यांना स्फुरण चढतं. देशाची घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आणि आपण एकोणऐंशीवर, एका अंशाला चार मिनिटं, त्यातून मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे, हिशेब करा. मी केला. त्या उन्हात लग्नवाल्याने माझा एक फोटो काढून दाखवला: कपाळ चकाकतंय, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाखाली मिशी. "म्हणून दुपारचं लग्न घेत नाही मी," तो म्हणाला.

या मुलाला कारणं माहीत नसायची, गोष्टी सगळ्या माहीत असायच्या. संध्याकाळचा एक शॉट ट्यूबलाइटखाली घेत होतो तर स्क्रीनवर अंधाराचे पट्टे वर सरकायला लागले. मला वाटलं कॅमेरा गेला. "शटर पन्नासवर ठेवा मॅडम, पट्टे जातात." गेले. पुढच्या रविवारी सरांनी उलगडा केला: आपल्याकडची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते, त्यामुळे तसा दिवा सेकंदात १०० वेळा मंदावतो, कॅमेऱ्याने प्रत्येक चित्रासाठी १/५० सेकंद डोळा उघडला तर दर वेळी सारखाच उजेड आत येतो. लग्नवाला म्हणाला, मला काय, बँडवाल्यांच्या दिव्यांनी शिकवलं.

माझं मुख्य काम मात्र कंटिन्युइटीचं होतं. पहिल्या शॉटमध्ये ग्लासात चहा कुठवर होता, पदर कोणत्या खांद्यावर होता, बांगड्या किती. ३१ वर्षं मी दोन रकाने जुळवत आले. इथे रकान्यांऐवजी काकूचे हात होते. पहिल्या दिवशी उजव्या हातात चार बांगड्या, दुसऱ्या दिवशी तीन. मी ओरडले. काकू म्हणाली, एक रात्री तडकली. तशीच बांगडी शोधायला गार्डसाहेब सकाळी साडेसहाला गल्लीत बंद दुकानांपुढे उभे होते. परत आले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मिशीकडे गेलं. शूटिंग आहे म्हणून त्यांनी रात्री पुन्हा कलप लावला होता. शनिवारची मिशी काळी होती, रविवारची निळी. आमच्या फिल्ममध्ये मुलगा दुसऱ्या दिवशी आईकडे पाठमोरा येतो, त्यात काही खोल अर्थ आहे असं ज्यांना वाटलं त्यांची मी क्षमा मागते.

आता आवाज. यासाठी मी वर्गाची फी पुन्हा एकदा भरायला तयार आहे.

हेडफोनवाली मुलगी कोपऱ्यात बसायची आणि आम्हाला ऐकू न येणाऱ्या गोष्टींची नावं घ्यायची. "मॅडम, फ्रिज." फ्रिज बंद. "मॅडम, घड्याळ." घड्याळ काढून आतल्या खोलीत, उशीखाली. "पंखा." पंखा बंद केला आणि आम्ही सगळे निथळायला लागलो. "मॅडम, कूलर." कूलर तर आम्ही काढलाय. "आपला नाही. सगळ्यांचे." ऐकलं तर खरंच, पूर्ण गल्ली घरघरत होती. मी इथेच वाढले आणि मला ती घरघर कधी ऐकू आली नव्हती.

दात घासणारे आजोबा दोन दिवसांत आमचे निर्मितीप्रमुख झाले होते. त्यांनी टोपी घातली आणि घरोघर निघाले. नवतप्यात कुणाला कूलर बंद कर म्हणणं म्हणजे ताटावरून उठ म्हणण्यासारखं आहे, पण आजोबा म्हणाले, "दहा मिनिटं फक्त, अन् पडद्यावर गल्लीचं नाव येणार आहे." (ते आम्ही नंतर खरंच घातलं.) एकेक घरघर विझत गेली. मधल्या घराची, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची, शेवटी मागच्या तिमजलीची. आणि मग मे महिन्यातली इतवारी ऐकू आली. कुणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटत होतं. कोकीळ ओरडत होता, तोही दोन जागी. लांबवर शटर वर गेलं. नळाचं पाणी पितळी भांड्यात पडत होतं आणि भांडं भरत आल्याचं त्याच्या सुरावरून कळत होतं. काकूच्या तीन बांगड्या आणि एक नवी, एवढंच खोलीतलं.

"रूम टोन घेते," मुलगी म्हणाली. "एक मिनिट कुणी हलू नका."

खोलीची स्वतःची शांतता असते, ती वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागते. संवादांच्या मधल्या जागा एडिटमध्ये नुसत्या रिकाम्या सोडल्या तर कान बधिर झाल्यासारखा वाटतो. तिथे त्याच खोलीची शांतता भरायची. तर आम्ही पाच माणसं आणि एक कॅमेरा, पंखा बंद, घाम नाकाच्या शेंड्यावर, न हलता उभे होतो. अडतिसाव्या सेकंदाला चौथ्या घरातून आवाज आला, "झालं का बे?"

आमच्या फिल्ममधली सगळी शांतता त्या अडतीस सेकंदांची आहे. तीच पुन्हा पुन्हा जोडलेली.

शूटिंग संपल्या संपल्या, रविवारी दुपारी एकला, आम्ही कूलर परत चढवला. शेवटचा बोल्ट बसायच्या आत काकूने बटण दाबलं.

एडिटिंग लग्नवाल्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या खोलीत, त्याच आठवड्यात. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास. ३० मेला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर मोबाइल वाजले, मग यंत्रच बिघडलेलं निघालं. जवळपास दोन तासांचं फुटेज आणि हवी पाच मिनिटं. आधी चुका कळल्या. आई आणि मुलगा समोरासमोर बोलतात त्या प्रसंगात दोघंही डावीकडेच पाहत होते, जणू दोघांची मिळून तिसऱ्या कुणाशी भांडणं. बोलणाऱ्या दोघांमध्ये एक दोरी ताणलेली आहे असं समजा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, असं सरांनी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. आम्ही कॅमेरा पलंगावरून उचलून दोरीपलीकडे ठेवला होता, कारण तिथे पाय ठेवायला जागा होती. मधे चहाच्या ग्लासाचा शॉट घुसवून वेळ मारून नेली.

मग सर आले आणि त्यांनी काकूचे ते अकरा सेकंद मागितले. १९२० च्या आसपास रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि एकदा त्याला सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी. लोक म्हणे नटाच्या अभिनयावर खूश झाले. काय भूक दाखवली, काय शोक. चेहरा दोन्हीकडे तोच. सरांनी तेच आमच्यासमोर केलं. काकूच्या चेहऱ्यानंतर चहाचा ग्लास ठेवला: काकूला चहा हवा होता. गार्डसाहेबांची पाठ ठेवली: काकू रागावली होती. कूलर ठेवला. खोलीत कुणी काही बोललं नाही. पत्र्याचं ते धूड आणि त्याआधीचे तिचे ते डोळे, थर्माकोलच्या ठिपक्यासकट. हेडफोनवाल्या मुलीने हेडफोन काढून ठेवले. माझ्या घशाशी आवंढा आला आणि त्याच वेळी वाटलं, हे काहीतरी हातचलाखीचं काम चाललं आहे.

२ जूनला झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सगळ्या फिल्म दाखवल्या. आमची पाच मिनिटं चाळीस सेकंद. काकू ऑटोने आली, जरीची साडी, पहिल्या रांगेत. तिच्या एकुलत्या एका वाक्याला ती स्वतः हसली. त्या अकरा सेकंदांना हॉल गप्प झाला. दिवे लागल्यावर दुसऱ्या गटातली एक मुलगी काकूचे हात धरून म्हणाली, "आजी, त्या खिडकीत तुमच्या डोळ्यात किती दुःख होतं! तुम्ही कसला विचार करत होतात?"

"मी तं पाहून राहिली होती का कैरीवाला कैऱ्या केवढ्याले देऊन राहिला," काकू म्हणाली. "लोणच्याच्या होत्या. अन् यायनं मले हलू नाही दिलं."

सगळे हसले. मीही हसले. ऑटोत बसल्यावर मात्र मला राहवेना. म्हटलं, काकू, खरं सांग, कूलर लागला की तुला कोंडल्यासारखं नाही होत?

"कोंडल्यासारखं?" ती माझ्याकडे वळली. "अवं, पहिला कूलर आला तं मी मारुतीले नारळ फोडला होता."

मग व्हरायटी चौकापासून घरापर्यंत ती बोलत होती. उन्हाळ्यात आमचं घर गच्चीवर झोपायचं, हे मला आठवत होतं: ओल्या गाद्या, सुरई, तारे, काकांच्या भुताच्या गोष्टी. त्या आठवणीत काकू कुठे होती, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. गच्चीवर सासरे, भासरे म्हणजे थोरले दीर, धाकटे दीर, पोरं. सुना खाली. भासऱ्यासमोर आडवं पडायचं कसं? दोघी सुना रस्त्याकडच्या खोलीत, ओलं लुगडं अंगावर घेऊन. आणि खिडकी? "खिडकी लावून. रस्त्यावरची खिडकी रात्री उघडी ठेवून सुना झोपत होत्या का?" दोन तास झोप, मग चारला नळ. काका कूलर घेऊन आले त्या रात्री ती, लग्नानंतरच्या उन्हाळ्यांत पहिल्यांदा, सकाळपर्यंत झोपली. उठली तेव्हा नळ येऊन गेला होता आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत. "तेच म्या नारळात सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी फिल्ममध्ये चेहरा तिचा घेतला होता आणि खिडकी माझी. हे मी लग्नवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग नारळवाली फिल्म काहून नाही बनवली मॅडम?" कारण ती मला ठाऊक नव्हती. आणि ठाऊक असती तरी त्या यादीत ती कशी आली असती, हे मी अजून शोधते आहे. वहीत लिहून ठेवलं आहे: दोन सुना, एक बंद खिडकी, रात्र. खर्च: एक नारळ. रात्रीच्या प्रकाशाचं काय करायचं ते सरांना विचारायचं आहे.

यंदाच्या होळीनंतर मी कूलरवाल्या पोराला घेऊन इतवारीत गेले. त्याने घोडी लावली, नव्या ताट्या बसवल्या, कोरड्या वुडवूलचा भुसा खोलीभर उडाला. मी आत चहा टाकायला गेले. बाहेर आले तर काकू खिडकीत बसली होती, पदर नीट खांद्यावर, मान जराशी गल्लीकडे वळवलेली. सकाळचं ऊन भिंतीवर तिरपं होतं. खाली तो पोरगा कूलर उचलायच्या बेतात आणि ती त्याच्याकडे न पाहता बाहेर कुठेतरी पाहत होती, डोळ्यांत नेमकं तेच, त्या अकरा सेकंदांतलं. गल्लीत कैरीवाला नव्हता. कैऱ्यांचे दिवसच नव्हते. मी हातात चहाचे ग्लास घेऊन उंबऱ्यावर थांबले, न हलता, चांगला मिनिटभर.

मान तशीच ठेवून काकू ओठांच्या कडेने पुटपुटली, "काढून राहिली ना?"

"नाही गं काकू. मोबाइल चार्जिंगला आहे."

"मग पहिलेच नाही सांगायचं का," ती म्हणाली, आणि चहा घ्यायला उठली.